जोडून केलेले शब्द

रहिमतपूर
२० सप्टेंबर २०२४

चि. सुनयना,

तुला आणि उदयला आशीर्वाद, आणि तुमच्या त्या फोनला माझा लांबूनच रामराम. काल तू बराच वेळ बोलत होतीस म्हणे. मला त्यातलं 'हॅलो' तेवढं कळलं आणि पुढं नुसतं पाणी उकळल्यासारखं ऐकू आलं. कानातलं यंत्र लावलं की ते शिट्ट्या मारतं, म्हणून डब्यात घालून ठेवलंय. इकडे मी बहिरी आणि तिकडे माझा भाऊ मुका, बरी जोडी जमली बहीणभावंडांची! तेव्हा इथून पुढे जे काय असेल ते कागदावर लिहीत जा. सातवी पास आहे मी.

आता मुद्द्याचं. श्रावणात उदयला झटका आला तेव्हा मी आठ दिवस तुमच्याकडे होते. उजवा हात लुळा पडला त्याचं मला एवढं वाटलं नाही, हात काय, येईल हळूहळू. पण तीस वर्षं सानपाड्यातल्या पोरांना इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला ती वाचा शिकवायला येणारी क्षिप्रा नावाची पोरगी येऊन गाईचं चित्र दाखवते आणि "हे काय आहे, सर?" म्हणून विचारते. त्याला सगळं कळतं, शब्द तेवढा सापडत नाही आणि डोळे भरून येतात. ते मला बघवलं नाही. वाचा परत आणण्याचा हाच उपाय असेल तर तो न केलेला बरा.

क्लासचा गाळा तुम्ही सोडलाच आहे. तुमचा पोरगा केतन हैदराबादला नोकरीत. दिवाळी झाली की मी येते आणि उदयला इकडे घेऊन जाते. इथे त्याला कोणी काही विचारणार नाही. ओसरीवर बसेल, खाईल, पिईल. तुला पाळणाघर सोडून येता आलं तर तूही ये, नाही तर मी आहेच.

काळजी करू नकोस, पण जेवण सोडू नकोस. तुझं ते नेहमीचं आहे.

वेणूबाई


सानपाडा
२ ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. बहिरी-मुक्याच्या जोडीला हसले. तोंड वाकडं होतं हसताना, पण हसले.

तुम्ही यांना न्यायचं म्हणता ते मायेनं म्हणता, मला कळतं. पण क्षिप्राचं म्हणणं असं की सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. या दिवसांत बोलायला लावलं तर वाचा येते, गप्प ठेवलं तर माणूस गप्पच राहतो. "काकू, कुणी काही विचारणार नाही अशा जागी सरांना ठेवू नका," असं ती म्हणाली. नेमकं तुमच्या पत्रातलं वाक्य तिच्या तोंडून ऐकून मी घाबरले. म्हणून तुमच्याकडे थोडे दिवस मागते आहे. आणि त्याला आणखी एक कारण आहे, ते सांगायलाच हे पत्र.

शनिवारी मी माळ्यावरचं क्लासचं सामान खाली काढलं. भंगारवाला गेटपाशी उभा होता. पुस्तकं एका पोत्यात भरली आणि दुसऱ्यात त्या लाकडी पट्ट्या. तुम्हाला आठवतात का? लाल, पांढऱ्या आणि हिरव्या, वर इंग्रजी अक्षरं रंगवलेली. एकतीस वर्षं संसार झाला, पण या पट्ट्यांचं हे काय करतात ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, लहान मुलांचा खेळ असेल.

पोत्याचं तोंड बांधायला घेतलं तर यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. पोत्यात हात घालून बराच वेळ चाचपलं. एक पांढरी पट्टी काढून मांडीवर ठेवली, तिच्या आधी एक लाल ठेवली. लाल पट्टीवर बोट टेकवून म्हणाले, "ट्रान्स." मग पांढरीवर बोट. "पोर्ट."

वन्सं, श्रावणापासून या माणसाच्या तोंडून 'हो' सोडून अक्षर नव्हतं. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो. आणि आता ट्रान्सपोर्ट! मी "पुन्हा म्हणा" म्हणायच्या आत त्यांनी लाल पट्टी बदलली. "इम. पोर्ट." पुन्हा बदलली. "एक्स. पोर्ट." "री. पोर्ट." मग लाल बाजूला सारली आणि पांढरीच्या मागे हिरवी लावली. "पोर्ट. एबल." भंगारवाला खालून हाका मारत होता, पाळणाघरातली दोन पोरं दाराशी येऊन उभी राहिली होती, आणि मी रडत होते की हसत होते मलाच कळेना.

क्षिप्राला फोन केला तर ती धावत आली. म्हणाली, पाठ केलेले पाढे जसे माणसाला झोपेतून उठवलं तरी येतात, तसे हे तुकडे यांच्यात खोलवर बसले आहेत. तीस वर्षं रोज सकाळी मुलांकडून म्हणून घेतलेले. शब्दांच्या खोलीला कुलूप लागलं, पण हे तुकडे खोलीबाहेर राहिले.

यांच्या छापील कागदांवर त्या तुकड्यांचे मराठी अर्थ आहेत. रात्रीचा स्वयंपाक राहिला बाजूला, मी वाचत बसले. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. ट्रान्स म्हणजे पलीकडे. पलीकडे वाहून नेलं की ट्रान्सपोर्ट, आत आणलं की इम्पोर्ट, बाहेर नेलं की एक्स्पोर्ट. हे शब्द मी जन्मभर ट्रकवर वाचत आले. ते आतून असे उघडतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला नवल एवढं वाटलं की मी एकटीच मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले.

पोतं भंगारात दिलं नाही. तुम्ही दिवाळीला न्यायचं थांबवाल का?

तुमची,
सुनयना


रहिमतपूर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सुनयना,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, चौथ्यांदा शेजारच्या मंजुषाला वाचायला लावलं, कारण मला वाटलं माझ्याच डोळ्यांत काही झालं की काय.

त्या पट्ट्या आठवतात का म्हणून मला विचारतेस? अगं, त्या आमच्या मालकांनी आणलेल्या खोक्यांच्या फळ्यांच्या आहेत! मालक वाशीच्या फळबाजारात माथाडी होते. तुटकी सफरचंदाची खोकी मिळायची. उदयचा क्लास नवा होता, हातात दिडकी नव्हती. आमच्या कोपरखैरण्याच्या खोलीच्या गॅलरीत बसून दोघं मेहुणे फळ्या कापायचे आणि मी भुसा झाडून झाडून वैतागायचे. मालक त्याला म्हणायचे, "शिक्षकाचा धंदा बरा, पाठीला काही लागत नाही." त्यावर उदय म्हणायचा, "दाजी, घशाला लागतं."

तू लिहिलंस पोर्ट म्हणजे वाहणं. म्हणजे पोर्टर म्हणजे वाहणारा, असंच ना? मंजुषा हो म्हणाली. मालकांना हमाल म्हटलेलं आवडायचं नाही, माथाडी कामगार म्हणा म्हणायचे. जन्मभर त्यांनी पाठीवर आंबे वाहिले, कांदे वाहिले, आणि साहेबाच्या भाषेत एवढ्या सगळ्या शब्दांच्या पोटात जाऊन बसलं ते त्यांचंच काम! मी काल चुलीपाशी बसले आणि मला एकदम भरून आलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. हे कळलं असतं तर मिशीला पीळ देऊन सगळ्या बाजारात सांगत फिरले असते.

मंजुषाच्या पोरीच्या पुस्तकात आणखी एक सापडलं. सपोर्ट. खालून वाहून धरणं. बाजारात पोतं पाठीवर घेताना एकट्याला जमत नाही, दुसरा खालून हात देतो. तो हात म्हणजे सपोर्ट. बरोबर का ते उदयला विचार. तो 'हो' म्हणेल, पण खरंच 'हो' आहे का ते तोंडाकडे बघून ठरव.

आता माझं दुखणं सांगते. इंग्रजी आलं, मग मराठी का येत नाही? आईच्या मांडीवर शिकलेली भाषा आधी यायला नको? मला आक्का म्हणणार कोण, ते ट्रान्सपोर्ट? दिवाळी सोडली तुला. पण संक्रांतीला मी येणार. तोवर मराठी बोलला तर ठेवून जाईन, नाही तर घेऊन जाईन. त्यापुढे माझं कोणी ऐकायचं नाही, आणि मला तर तसंही ऐकू येत नाही.

वेणूबाई


सानपाडा
१७ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं,

नमस्कार. फराळ पोचला. यांनी चकलीचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

सपोर्टचं तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर. मी वाचून दाखवलं तसे यांनी डावा हात तळवा वर करून उचलून दाखवला, जसं काही समोर पोतंच आहे. मग कितीतरी वेळ त्या पांढऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. तिच्या मागच्या बाजूला खोक्यावरचं सफरचंदाचं अर्धं चित्र अजून आहे. इतकी वर्षं मी ते पाहिलंच नव्हतं.

आता आमचा रोजचा नेमच झाला आहे. दुपारी पाळणाघरातली मुलं झोपली की मी पट्ट्या मांडते. शिकवतात हे आणि शिकते मी. बारावी झाले तेव्हापासून इंग्रजी म्हटलं की मी चार हात लांब राहायचे. परवा यांना तपासायला नेलं तर हॉस्पिटलच्या पाटीसमोर मी उभीच राहिले. न्यूरोलॉजी, कार्डिओलॉजी, डर्मॅटोलॉजी. लॉजी ही आमची हिरवी पट्टी, म्हणजे त्या गोष्टीविषयीचं ज्ञान. मज्जातंतूंचं, हृदयाचं, कातडीचं. ज्या पाटीला मी घाबरत होते तिच्यावरच्या सगळ्यांचं आडनाव एकच निघालं! लिफ्टसाठी रांग पुढे सरकली तरी मी हलेना, मागच्या बाई चिडल्या.

आणि हे ऐका. आमच्या सोसायटीत रंगरंगोटी निघाली आहे. गेटवर बोर्ड लागला, रिनोव्हेशन. यांनी काठीनं त्यावर खुणा केल्या. री म्हणजे पुन्हा. नोव्ह म्हणजे नवं. पुन्हा नवं करणं. मी म्हटलं, "अहो, नोव्ह आणि आपलं नव सारखंच वाटतं." तर यांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली, हातानं हवेत मोठं झाड काढलं, खाली एक बुंधा आणि वर दोन फांद्या. एकच आहे, वन्सं! मग यांच्या कागदांत सापडलं, हजारो वर्षांपूर्वी कुठेतरी एकच भाषा होती म्हणे, तिच्या फांद्या इकडे आल्या, तिकडे गेल्या. दंत आणि डेंटिस्ट. नाव आणि नेम. आपल्या नवी मुंबईतलं 'नव' आणि त्या बोर्डाच्या पोटातलं 'नोव्ह' सख्खे चुलतभाऊ. मी विचारलं, "मग नोव्हेंबरसुद्धा नवा का?" मान नकारार्थी. पाच बोटं दाखवली, मग चार. नऊ! जुन्या रोमन वर्षात तो नववा महिना होता म्हणे. आणि नवलाची गोष्ट म्हणजे आपल्याकडेही नऊला नव म्हणतातच. त्या गेटपाशी मी वेड्यासारखी उभी होते आणि वॉचमन विचारत होता, "काकू, चक्कर येते का?" चक्करच येत होती, पण वेगळी.

आता तुमच्या मराठीच्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या मंगळवारी जेवताना मी आणखी भात वाढायला गेले. नेहमीप्रमाणे 'हो' येईल म्हणून मी वाढणारच होते. यांनी ताटावर हात आडवा धरला. कपाळावर आठ्या, ओठ हलतायत, आवाज नाही. मग म्हणाले, "अन." थांबले. "भूक."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अन ही लाल पट्टी, नाही या अर्थाची. हॅपी, अनहॅपी. 'नको' सापडेना, 'पोट भरलं' सापडेना, तर त्यांनी हाताशी होते ते दोन तुकडे घेतले आणि शब्द तयार केला. अनभूक! जगात हा शब्द नव्हता, वन्सं. आमच्या स्वयंपाकघरात झाला. आणि विचार करा, तो चुकीचा तरी कुठे आहे? आपण अनोळखी म्हणतो, अनपेक्षित म्हणतो. क्षिप्रा म्हणाली, हे 'अन'सुद्धा दोन्हीकडचं एकच.

त्यानंतर रांगच लागली. संध्याकाळी दुसऱ्यांदा चहा हवा तर "रीचहा". काल भाजी तोंडात घालून म्हणाले, "अनमीठ". सरळ अळणी म्हणायचं सोडून! मी एवढी हसले की पाळणाघरातली पोरं जागी झाली. मीठ घालायची विसरले होते हे खरंच होतं.

तुमची,
सुनयना


सानपाडा
२८ डिसेंबर २०२४

ती. वन्सं,

नमस्कार. संक्रांतीला या आणि यांना घेऊन जा. मी बॅग भरून ठेवते.

काल क्षिप्राची तीन महिन्यांची चाचणी झाली. चित्रं दाखवून नावं विचारायची, मग घरातल्या माणसांची नावं. गाय म्हणाले, छत्री म्हणाले. केतनचा फोटो दाखवला तर "केत" म्हणाले, चाललं. मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "सर, या कोण? यांचं नाव काय?"

हे माझ्याकडे बघत राहिले. तिनं मला सांगितलं, "काकू, तुम्ही आधी यांचं नाव घेऊन हाक मारा, म्हणजे तेही तुमचं घेतील." मला ते तोंडातून काढता येईना. तिनं माझ्या नावाचं पहिलं अक्षर सांगितलं, दुसरं सांगितलं. यांनी मान खाली घातली. घाम फुटला होता. तिनं दोनदा, तीनदा विचारलं. शेवटी यांनी पट्ट्यांची पेटी हातानं लोटून दिली.

क्षिप्रानं लिहिलं की सर्वांत जवळच्या माणसाचं नाव येत नाही, तेव्हा यापुढे सुधारणा थोडीच होईल. आठवड्यातून तीनदा यायची, आता महिन्यातून एकदा पुरे म्हणाली.

ट्रान्सपोर्ट राहिलं, रिनोव्हेशन राहिलं, मीठसुद्धा राहिलं. माझं नाव तेवढं गेलं. मी कशावर एवढी नाचत होते कोण जाणे. कालपासून पट्ट्या काढल्या नाहीत.

सुनयना


रहिमतपूर
३ जानेवारी २०२५

सुनयना,

तुझं पत्र आलं आणि मी तशीच डोक्याला हात लावून बसले. उदयला झटका आला हे मला माहीत होतं, तुलाही आलाय हे कोणी कळवलं नाही.

अगं वेडे, आमच्या घरात कोणता बाप्या बायकोचं नाव घेतो? आमच्या वडिलांनी आईला मरेपर्यंत नावानं हाक मारली नाही. मालकांनी मला मारली नाही. तुझ्या लग्नात उखाण्यात काय ते एकदा नाव घेतलं असेल उदयनं, तेही बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. त्यानंतर एकतीस वर्षांत तू ते त्याच्या तोंडून ऐकलंस का? नाही ना? मग जे तोंडात कधी नव्हतंच ते गेलं कसं म्हणतेस? आणि परक्या पोरीसमोर, तुझ्यासमोर, त्याला ते घ्यायला सांगितलं. त्याला घाम फुटेल नाही तर काय! तुला तरी त्याचं घेता आलं का? तुझी वाचा तर शाबूत आहे ना? मग तुला पण नापास करा म्हणावं.

त्या क्षिप्राला हे सगळं वाचून दाखव. आजकालच्या पोरी नवऱ्याला अरेतुरे करतात, तिला कुठून ठाऊक असणार. तिचा दोष नाही. तिला म्हणावं, जो शब्द तो घरात वापरत होता तो विचार.

आणि आता माझं ऐक. तू 'घेऊन जा' लिहिलंस ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मीच तर मागत होते. खरं सांगू? मी उदयसाठी मागत होते तेवढंच माझ्यासाठीही. मालक गेल्यापासून या घरात मला कोणाचा आवाज येत नाही, आणि कान गेल्यापासून कोणाचाच येत नाही. न बोलणारा भाऊ माझ्याजवळ बसला असता तर माझं बरंच झालं असतं. बहिऱ्या बाईला मुका माणूस सोयीचा पडतो. पण त्याच्या तोंडात शब्द तयार होत असताना मी त्याला इथे आणून गप्प बसवलं तर मालक वरून मला शिव्या देतील.

येते मी, पण न्यायला नाही. पट्ट्या काढ.

वेणूबाई


सानपाडा
१२ जानेवारी २०२५

ती. वन्सं,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

तुमचं पत्र क्षिप्राला दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं. "काकू, तुम्ही एकमेकांना नावानं हाकच मारत नाही? कधीच?" मी म्हटलं, कधीच. "मग गर्दीत हरवलात तर?" मी म्हटलं, हरवलो नाही अजून.

तिनं यांच्यासमोर स्टूल ओढलं. या वेळी नाव विचारलं नाही. मला आत स्वयंपाकघरात जायला सांगितलं, दार लोटायला लावलं. मग मला तिचा आवाज आला, "सर, तुम्हाला पाणी हवंय. काकू आत आहेत. बोलवा."

मी ओट्याला धरून उभी होते. नळ टपटपत होता तो बंद केला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. आणि मग बाहेरून, अगदी पूर्वीसारखं, थोडं वैतागलेलं, "अगं!"

जोडलेलं नव्हतं ते, वन्सं. तुकड्या-तुकड्यानं आलेलं नव्हतं. अख्खं आलं. "अगं, पाणी!" मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले तेव्हा निम्मं पाणी माझ्या साडीवर होतं. क्षिप्रा चष्मा पुसत होती. म्हणाली, "हा शब्द सगळ्यांत आत होता. मी भलत्याच दारावर धडका मारत होते." आता ती पुन्हा आठवड्यातून तीनदा येणार आहे.

इतकी वर्षं मला वाटायचं, 'अगं' म्हणजे काय, काही नाहीच. कुणालाही म्हणता येतं. काल रात्री यांनी मला उगीचच चार वेळा हाक मारली. काम काहीच नव्हतं. मी चारही वेळा ओ दिली.

लवकर या. तुमच्यासाठी खालच्या कॉटवर गादी घातली आहे.

सुनयना


रहिमतपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. सुनयना,

सुखरूप पोचले. कंडक्टर भला होता, स्टँड आल्याचं हातानं हलवून सांगितलं.

पंधरा दिवस तुमच्याकडे कसे गेले कळलं नाही. डोळ्यांनी बघितलं म्हणून विश्वास बसला. उदय पट्ट्या मांडत होता आणि ओठ हलत होते. मला आवाज येत नव्हता, पण मी पट्टी वाचायची आणि त्याच्या ओठांकडे बघायची. माझ्यासाठी तो प्रत्येक तुकडा दोनदा म्हणायचा. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर होतं तसं मला तुमच्या हॉलमध्ये व्हायचं. माणसाला बोलता येतं यात एवढं काय असतं, असंच आपण समजतो. शब्द तोंडात येतो कुठून, त्याला कोण जोडतं, आधी काय लागतं, मागे काय लागतं, हे सगळं त्याच्या कपाळावर चाललेलं मला दिसत होतं. बहात्तर वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं.

आता एक विचारायचं आहे, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हायवेला तुम्ही दोघं मला साताऱ्याच्या गाडीत बसवायला आलात. मी खिडकीतून म्हणाले, "येते रे, उदय." त्यानं वर बघितलं. तो काहीतरी म्हणायला लागला. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. गाडी सुटली तेव्हा तो काठी टाकून दोन पावलं पुढे आला आणि त्यानं ते म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असणार, कारण माझ्या शेजारच्या बाईनं वळून बघितलं. मी तिला विचारलं, काय म्हणाला माझा भाऊ? ती माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "काय की, कळलं नाही, कुठली भाषा आहे?"

'आक्का' नव्हतं ते. आक्का म्हणताना त्याचे ओठ कसे होतात मला ठाऊक आहे. पनवेल गेलं, घाट गेला, मी तेच आठवत राहिले. यंत्र कानात घातलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? स्वतःवरच चिडून मी खोपोलीला चहासुद्धा घेतला नाही.

काय म्हणाला गं तो?

वेणूबाई


सानपाडा
१० फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र आत्ता आलं आणि भाजी चिरायची ठेवून लिहायला बसले आहे.

तुम्ही "येते रे" म्हणालात. त्यावर कुणीही म्हणतं तसं यांना "ये" म्हणायचं होतं. एवढंसं अक्षर, पण तेच सापडेना. मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं. तोंडात आलं ते "जा". मी यांचा श्वास ऐकला. "ज" जिभेवर आला आणि यांनी ओठ घट्ट मिटून तो आत दाबला. निघालेल्या माणसाला जा कोण म्हणेल? आणि तेही आक्काला?

मला राहवत नव्हतं. माझ्या जिभेवर "ये" होतं, मी सांगितलं असतं तर यांनी म्हटलंही असतं. क्षिप्रानं बजावलं आहे, शब्द आयता द्यायचा नाही. मी पदर तोंडात धरून गप्प राहिले. गाडीनं हॉर्न दिला. यांच्या कपाळावर ती आठी पडली, तुम्ही पाहिली आहे ती. 'ये' नाहीच मिळत, 'जा' तर म्हणायचं नाही. आणि गाडी हलली. मग यांनी काठी टाकली, दोन पावलं पुढे गेले, आणि त्या न बोलायच्या शब्दाच्या पुढे आपली लाल पट्टी लावली.

"अन-जा!"

सगळ्या थांब्यावरची माणसं बघायला लागली. रिक्षावाले हसले. यांना कशाचं भान नव्हतं. गाडी पुलाखालून वळेपर्यंत हात वर करून उभे होते, आणि तोही काठी धरायचा डावा हात, काठीशिवाय.

आज तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "आक्कांना काय लिहू?" मला वाटलं, आता घरात आहेत, घाई नाही, "ये" सापडेल. सापडलंही असेल. पण यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाले, सावकाश, तुकडे वेगळे करून, मला लिहून घेता यावं म्हणून.

तेव्हा वन्सं, अनजा.

तुमची,
सुनयना